सिस्टर, एक विचारू का? : लेकराला घेऊन दवाखान्यात पळताना

मागच्या अंकात लिहिलं होतं की पोराला घेऊन दवाखान्यात पळायची वेळ आली तेव्हा काय कळलं नाही, कशाचा राग आला, काय विचारायचं राहून गेलं ते पाठवा. बरीच पत्रं आलीत, सातारा आणि सांगली दोन्हीकडनं. मी सव्वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत काढलीत, त्यामुळं जे हातानं केलंय तेच सांगते. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण डॉक्टर येईपर्यंत आणि डॉक्टर गेल्यावर पोराजवळ कोण असतं, तर तुम्ही आणि सिस्टर, आणि त्याबद्दल बोलण्यासारखं खूप आहे.

प्रश्न : सिस्टर, माझी मुलगी पावणेदोन वर्षांची. मागच्या महिन्यात रात्री अडीचला तापात तिला आकडी आली. डोळे पांढरे, दात घट्ट, हातपाय ताठ. सासूबाईंनी कांदा हुंगवला, दिरांनी दातात चमचा घातला, त्यात तिचा ओठ फाटला. साताऱ्याला पोचेपर्यंत आकडी थांबली होती. तिथल्या सिस्टर चमच्यावरून आम्हाला खूप बोलल्या. मला अजून रात्रीची झोप येत नाही, परत आली तर? – एक आई, कोरेगाव

उत्तर : ताई, तुमच्या वर्णनावरून ही तापातली आकडी दिसतेय. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच पोरांना ती येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत ती आपली आपण थांबते आणि अशा साध्या आकडीनं मेंदूला काही होत नाही. परत येऊ शकते का, तर हो, खोटं कशाला सांगू, तिघांतल्या एखाद्या पोराला पुन्हा कधीतरी येते. म्हणून झोप घालवण्यापेक्षा काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना, दिरांनासुद्धा, आत्ताच सांगून ठेवा.

पहिलं काम घड्याळ बघायचं. खरंच सांगते, आकडीतलं एक मिनिट आईला अर्ध्या तासासारखं वाटतं आणि आम्ही विचारलं किती वेळ होती की सगळे वीस मिनिटं म्हणतात, त्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. मग पोरीला खाली सपाट जागी कुशीवर झोपवायचं, म्हणजे तोंडातली लाळ, उलटी बाहेर पडते, श्वासात जात नाही. गळ्याजवळचं कापड सैल करायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. जीभ गिळली जाईल ही भीती सगळ्यांना असते, पण जीभ गिळता येतच नाही, उलट चमच्यानं दात तुटतो आणि तो श्वासनळीत जातो. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही, तिची थांबायची वेळ आणि कांदा आणायची वेळ एकच येते इतकंच. घरात दुसरं कोणी असेल तर त्याला मोबाईलवर अर्धा मिनिट शूटिंग करायला सांगा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही तर १०८ ला फोन. महाराष्ट्रात २०१४ पासून ही गाडी फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. आकडी थांबली तरी पहिल्या वेळेला दाखवायचंच, आणि चोवीस तासात दुसऱ्यांदा आली, एकाच बाजूचा हातपाय उडत होता, मान ताठ वाटतेय किंवा तासाभरानंही पोरगी नीट जागी होत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका. घरी ठेवायला आकडी थांबवायचा, नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तुमच्या मुलीला हवा का ते डॉक्टर ठरवतील, पण लिहून दिला तर वजनाप्रमाणे किती वेळा मारायचा ते सिस्टरकडून हातात घेऊन शिकून घ्या, नुसतं ऐकून रात्री अडीचला आठवत नाही. आणि तापाचं औषध वेळेवर दिलं असतं तर आली नसती असं स्वतःला लावून घेऊ नका, औषधानं पोराला बरं वाटतं पण आकडी टळतेच असं नाही.

त्या सिस्टर ओरडल्या ते चुकलंच. फाटलेला ओठ बघून आमचाही जीव खालीवर होतो हे खरं, पण घाबरलेल्या आईला ओरडून काही शिकवता येत नाही. तेच दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर तुम्हाला हे पत्र लिहायला लागलं नसतं.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाचा झाडावरून पडून हात मोडला. कॅज्युअल्टीत पाऊण तास बसवलं, पोरगं रडून रडून लाल झालं. आमच्यानंतर एक बाई आल्या, त्यांचं बाळ रडतही नव्हतं आणि त्यांना केस पेपर काढायच्या आधी आत घेतलं. ओळख लागते का? – एक वडील, सातारा

उत्तर : दादा, ओळख नाही. ते बाळ रडत नव्हतं म्हणूनच आत घेतलं.

पोर दारातून आत येताना आम्ही लांबूनच तीन गोष्टी बघतो, हात लावायच्या आधी. एक, पोर कसं दिसतंय, आईकडे बघतंय का, हातपाय हलवतंय का, की मान टाकलीय. दोन, श्वास कसा घेतंय, नाकपुड्या फुलतायत का, पोट उडतंय का, बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय का, कण्हल्यासारखा आवाज येतोय का. तीन, रंग, ओठ निळसर, कातडी पांढुरकी नाहीतर चट्ट्याचट्ट्यांची. याला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. यातलं काही बिघडलेलं दिसलं की केस पेपर मागनं. जोरात रडणाऱ्या पोराच्या फुफ्फुसात हवा चाललीय, मेंदूला रक्त चाललंय, त्याला दुखतंय आणि ते सांगतंय. निपचित पडलेलं बाळ सांगतसुद्धा नाही. मोठ्या माणसाचं हळूहळू बिघडतं, लहान पोर बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम ढासळतं, आणि ढासळल्यावर ओढून आणायला आमच्या हातात फार थोडी मिनिटं असतात.

पण तुमचं पण बरोबर आहे. नंबर नंतर लागला तरी पाऊण तास पोराला दुखत ठेवायचं काही कारण नव्हतं. मोडलेल्या हाताला आधाराला फळी किंवा झोळी बांधणं आणि डॉक्टरांना विचारून दुखायचं औषध देणं हे बसल्या जागी करता येतं. पुढच्या वेळी सरळ सांगा, "सिस्टर, आम्ही थांबतो पण ह्याला दुखायचं काहीतरी द्या." भांडण न करता दोनदा, तीनदा सांगा. आणि बसल्या बसल्या पोराचं काही बदललं, हाताची बोटं गार किंवा निळी पडली, पोर झोपाळू झालं, उलटी झाली, तर नंबरची वाट न बघता उठून आत या. जाता जाता एक, श्वास घरीही मोजता येतो, पोर शांत असताना किंवा झोपेत, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त आले तर दवाखाना गाठा.

प्रश्न : माझ्या नातवाला जुलाब-उलट्यांनी ॲडमिट केलं होतं. सलाईनला चार वेळा टोचलं बाई, शीर सापडंना. सुनेला बाहेर काढलं. पोर आत आई आई करून ओरडत होतं आणि ही बाहेर रडत होती. असं का करतात? – एक आजी, पाटण

उत्तर : आजी, जुलाबानं अंगातलं पाणी गेलं की शिरा चपट्या होतात, त्यात दहा-अकरा महिन्यांच्या बाळाचा हात गुबगुबीत, शीर दिसतच नाही. मनगटाच्या मागं, अंगठ्याच्या बाजूला बोटानं चाचपून अंदाज घ्यावा लागतो, मी तर डोळे मिटून चाचपायची. मग पिवळी सुई, म्हणजे लहान पोरांची चोवीस नंबरची, अगदी आडवी धरून हळूच सरकवायची, मागं रक्ताचा ठिपका दिसला की थांबायचं आणि फक्त नळी पुढं ढकलायची. त्याच वेळी पोरानं हात ओढला की गेलं सगळं. चार वेळा टोचणं कुणालाच आवडत नाही. आमच्यात असा रिवाज होता की दोनदा माझ्याकडून नाही झालं तर मी बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या सिस्टरला बोलवायचं, त्यात कसला कमीपणा. हे तुम्ही नम्रपणे मागू शकता, "दुसऱ्या कुणाला बघू द्या का" असं म्हणायचं.

सुनेला बाहेर काढणं ही जुनी सवय आहे आणि माझ्या मते ती मोडायला हवी. मीही सुरुवातीची बरीच वर्षं आयांना बाहेर काढलंय. मग हळूहळू कळलं की आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवलेलं पोर, ज्याचा एक हात फक्त माझ्याकडे आहे, ते टेबलावर चौघांनी दाबून धरलेल्या पोरापेक्षा कितीतरी कमी धडपडतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजता पाजता टोचलं तर दुखणं खरोखर कमी होतं. फक्त जीव वाचवायची धावपळ चालू असेल किंवा आईलाच चक्कर येत असेल तर गोष्ट वेगळी. सुनेनं एवढंच म्हणायचं, "मी धरते, मी आत थांबते." आणि आजी, एक तुमच्याकडून हवंय. "गप बस नाहीतर सिस्टर सुई टोचेल" असं कधी म्हणू नका. मी नुसतं गार पाणी द्यायला गेले तरी पोरं पलंगाखाली लपायची. "दुखणार नाही" असंही नको. "मुंगी चावल्यासारखं दुखेल, मग संपलं, मी इथंच आहे" असं खरं सांगितलेलं पोरांना पेलतं.

सलाईन चालू झाल्यावरचं पण सांगते. लहान पोरांच्या नळीला मध्ये एक उभा चेंबर असतो आकडे लिहिलेला, त्यात तासाचं मोजकंच पाणी भरतात. त्या सेटचे ६० थेंब म्हणजे एक एमएल, म्हणून मिनिटाला जितके थेंब पडतात तितके एमएल तासाला जातात. १० किलोच्या पोराला जुलाबाची तूट भरून निघाल्यावर रोजच्या गरजेपुरतं तासाला साधारण ४० एमएल लागतं, म्हणजे मिनिटाला ४० थेंब, मी घड्याळ धरून हे रोज मोजायची. एकदा एका पोराच्या मामानं "लय हळू चाललंय" म्हणून गोल चाक फिरवून सोडलं. चेंबरमुळं थोडक्यात निभावलं, नाहीतर अख्खी बाटली अंगात गेली असती आणि छातीत पाणी भरलं असतं. चाकाला हात लावायचा नाही, पण नजर मात्र ठेवायची. सुईच्या जागी सूज आली, तिथं गार लागतंय, पोर हात लावू देत नाही, की लगेच हाक मारा, रात्री तीनला मारा, त्याचा आम्हाला त्रास होत नाही.

प्रश्न : लेकीचं पॅरासिटामॉलचं सिरप संपलं म्हणून धाकट्याचे ड्रॉप्स दिले, नेहमीसारखे ५ एमएल. नंतर नणंद म्हणाली हे जास्त झालं. लेक आता बरी आहे, पण एवढा फरक असतो का? – तासगाव

उत्तर : असतो ताई, चौपट असतो. ड्रॉप्सच्या बाटलीवर बघा, १ एमएलमध्ये १०० मिग्रॅ लिहिलेलं असतं. साध्या सिरपवर ५ एमएलमध्ये १२५, आणि मोठ्या पोरांच्या सिरपवर ५ एमएलमध्ये २५०. औषध एकच, नाव एकच, पण ड्रॉप्स घट्ट, कारण तान्ह्या बाळाला थोडक्यात द्यायचं असतं. तुम्ही ५ एमएल ड्रॉप्स दिले म्हणजे ५०० मिग्रॅ गेलं, एका मोठ्या गोळीएवढं. एकदाच झालं आणि लेक बरी आहे हे चांगलं, तरी पुढच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला. हेच दिवसातून चारदा, दोन-तीन दिवस झालं असतं तर लिव्हरवर आलं असतं.

लहान पोरांचं सगळं वजनावर असतं. पॅरासिटामॉल किलोमागं एका वेळी १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसच्या मध्ये चार ते सहा तासांचं अंतर. १० किलोच्या पोराला १५० मिग्रॅ धरलं तर ड्रॉप्स दीड एमएल, १२५ वालं ६ एमएल, २५० वालं ३ एमएल. म्हणून लेकीचं वजन फ्रिजवर नाहीतर कॅलेंडरवर लिहून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी बदला, बाटलीसोबतचंच माप वापरा, घरातला चमचा नको. आणि पावसाळ्यात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक असलेलं औषध मनानं देऊ नका, रक्तस्रावाची भीती असते.

प्रश्न : जतकडे आमची वस्ती. विंचू-किरडू नेहमीचं. पोराला चावलं तर दवाखान्यात पोचायला तास जातो, तोवर काय करायचं? – जत

उत्तर : पोचायचं, दुसरं काही नाही. दोरीनं आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, देवर्षीकडं थांबायचं नाही. पोराला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा, कडं, करदोटा, पैंजण काढा कारण सूज येते. निघतानाच १०८ ला फोन करा.

विंचवाचं एक सांगते, कारण लोक उलटं समजतात. चावल्या जागी आग आग होतेय, पोर ठणाणा करतंय, त्यापेक्षा ज्या पोराला घाम सुटलाय, उलटी होतेय, तोंडात लाळ येतेय, हातपाय गार पडलेत, ते जास्त धोक्यात असतं. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. पूर्वी अशी पोरं डोळ्यांदेखत जायची. रायगडमध्ये महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही ब्लड प्रेशरची साधी गोळी त्यावर चालते हे दाखवून दिलं आणि चित्रच बदललं, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी दिल्यावर प्रेशर एकदम उतरू शकतं म्हणून आम्ही सांगतो की पोराला आडवंच ठेवा, काही तास उचलून खांद्यावर घ्यायचं नाही. आया विसरतात आणि रडलं की उचलतात, त्यामुळं मी पलंगाशेजारी उभी राहूनच सांगायची.

सापाचं म्हणाल तर मण्यारला जास्त भ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या पोराला चावते, सूज नाही, खूण नाही, पहाटे पोर पोट दुखतंय म्हणतं आणि मग पापण्या जड होतात, गिळता येईना होतं. जमिनीवर झोपलेल्या पोराचं सकाळी असं काही झालं तर सापाचं तुम्ही स्वतःहून बोला. आणि सापाची लस, म्हणजे विष उतरवायचं इंजेक्शन, लहान म्हणून अर्धी द्या असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, साप विष कमी सोडत नाही, म्हणून मोठ्याला जेवढी लस तेवढीच लहानाला लागते.

प्रश्न : द्राक्षाच्या फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं, पुतण्यानं घोट घेतला. उलटी करवावी का? – पलूस

उत्तर : नाही! उलटी करवायची नाही, मीठ-पाणी नाही, दूध नाही. औषध सांडलेले कपडे काढा, अंग साबणपाण्यानं धुवा आणि बाटली लेबलासकट सोबत आणा. लेबल मिळालं की आमची निम्मी शोधाशोध वाचते. लाळ गळतेय, घाम सुटलाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, धाप लागलीय, तर वाटेतच फोन करून कळवा. आणि कृपा करून फवारणीचं औषध पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका, मूळ डब्यातच, कुलपात.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात पेडियाट्रिक, म्हणजे लहान मुलांच्या वॉर्डात, पोस्टिंग आहे. डोस चुकेल, पोर हातात जाईल या भीतीनं पोटात गोळा येतो. – एक विद्यार्थिनी

उत्तर : पोरी, डोसची भीती आहे ती राहू दे, ती तुझ्या पेशंटच्या कामाची आहे. मोठ्यांच्या वॉर्डात एक गोळी म्हणजे एक गोळी. इथं एका ॲम्प्यूलमधलं, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या छोट्या बाटलीतलं, पाव एमएल काढायचं, ते दहा एमएल पाण्यात मिसळायचं आणि त्यातलं दोन द्यायचं असं असतं, आणि एक टिंब सरकलं की दहा पट जातं. म्हणून ॲडमिशनला आधी वजन, अंदाजानं नाही, काट्यावर, शक्यतो उघड्या अंगानं. अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य लिही, ०.५, नुसतं .५ नको. हिशोब दुसऱ्या सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखव, ती घाईत असली तरी थांबव तिला. आकडा विचित्र वाटला, एका बाळाला तीन ॲम्प्यूल लागतायत असं दिसलं, तर हात थांबव आणि विचार. मला एकदा असं विचारणाऱ्या शिकाऊ मुलीनं वाचवलंय, टिंब मी चुकवलं होतं.

पोराजवळ जाताना आधी लांबून बघ, मग श्वास मोज, मग हात लाव, कारण हात लावला की ते रडतं आणि मोजणं संपतं. खाली बस, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ये. स्टेथोस्कोप आधी आईच्या हाताला लाव. बोलता न येणाऱ्या पोराचं दुखणं चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींवरून मोजतात, प्रत्येकाला शून्य ते दोन, ते पाठ करून ये. ओलं डायपर फेकू नको, काट्यावर ठेव, कोरड्या डायपरचं वजन वजा कर, एक ग्रॅम म्हणजे एक एमएल लघवी. किलोमागं तासाला एक एमएल होतेय म्हणजे बरं चाललंय.

आणि पोर जातं कधी कधी, सगळं बरोबर करूनही जातं. तेव्हा रडू आलं तर रड, पण त्या आईला एकटी सोडून जाऊ नको, आणि ड्युटी संपल्यावर कुणाशी तरी बोल, घरी तसंच घेऊन जाऊ नको.

आयांना कामात घे. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई होती, बीडकडची, जुलाबानं सुकलेलं वर्षाचं पोर घेऊन आलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, डायपर नव्हतं, फडकी होती. मी तिला म्हटलं, मावशी, पोरानं लघवी केली की लक्षात ठेवा, मला सांगा. त्या रात्री दोन ॲडमिशन एकदम आली आणि मला तिच्याकडं यायला पहाट झाली. मी काही विचारायच्या आधी तिनं पदराचं टोक पुढं केलं, त्याला तीन गाठी मारलेल्या. "पयली तुमी गेल्या गेल्या, दुसरी लाइट गेली तवा, आन ही आत्ता," म्हणाली. मी चार्टवर तीन लिहिलं.